जुनी पुस्तके आणि वर्गातली वाचनपेटी : निवड, वापर आणि एक तासिका



आजचा लेख जुन्या पुस्तकांवर आहे. जुनी म्हणजे दुसऱ्याने वापरून दिलेली, रद्दीतून निवडलेली, फुटपाथवरून घेतलेली किंवा कोणाच्या तरी माळ्यावरून खाली आलेली. त्यात गोष्टींची पुस्तकं असतात आणि माहितीचीही. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या शाळेत अशी पुस्तकं भेट म्हणून येतात. येतात तेव्हा आनंद होतो आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न पडतो, आता यांचं करायचं काय? हा प्रश्न मी आधी चुकीच्या पद्धतीने सोडवला होता. म्हणून आधी माझी चूक सांगते, मग तिच्यातून तयार झालेली तासिका.

दोन पोती पुस्तके

मी अर्नाळ्याला पाचवीच्या वर्गाला शिकवते. वर्गातली निम्मी मुलं कोळीवाड्यातली, काही वाडीवाल्यांची, काही विरारला नोकरीला जाणाऱ्यांची. आमच्या वसई-विरार पट्ट्यात जुनी घरं आणि चाळी पाडून इमारती उभ्या राहतात. घर बदलताना माणसं कपाट नेतात, पुस्तकं मात्र मागे राहतात. अशाच एका कुटुंबाने दोन पोती भरून पुस्तकं आम्हाला दिली.

मी एका दुपारी बसून त्यांचे दोन ढीग केले. गोष्टींची पुस्तकं एका बाजूला, ती वाचनपेटीत ठेवायची. माहितीची पुस्तकं दुसऱ्या बाजूला. विज्ञान, प्राणी, नकाशे, सामान्यज्ञान, चरित्रं, सगळी पिवळी पडलेली. मनात म्हटलं, माहिती जुनी झाली, मुलांना हिचा काय उपयोग? तो ढीग सुतळीने बांधला आणि रद्दीवाल्यासाठी व्हरांड्यात ठेवायला एका मुलाला सांगितलं.

हा मुलगा कोळीवाड्यातला. वर्षभरात त्याने वाचनपेटीतलं एकही पुस्तक पुरं केलं नव्हतं. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे मी ‘वाचनात मागे’ असं लिहिलं होतं. गठ्ठा ठेवायला गेला तो परत येईना. जाऊन पाहिलं तर पायरीवर बसलेला. गठ्ठ्यातून एक पुस्तिका ओढून काढली होती, समुद्रातल्या माशांविषयीची. कव्हर फाटलेलं, चित्रं काळी-पांढरी. बोट ठेवून, अडखळत, पण वाचत होता. मला बघून म्हणाला, “बाई, यात सरंगा लिवलाय. आमी त्याला पापलेट म्हणतो.” आणि मग विचारलं, “ही रद्दी का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभर मी त्याच्यापुढे राजा-राणी आणि परी ठेवत होते. मुलांना गोष्टीच आवडतात हे मी गृहीत धरलं होतं. गठ्ठा सोडला आणि सगळी पुस्तकं पेटीत टाकली. इथे मी दुसरी चूक केली.

पस्तीस जिल्हे

महिनाभराने एक आई शाळेत आल्या. मुलगी हुशार, शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करणारी. सराव चाचणीत प्रश्न होता, महाराष्ट्रात एकूण जिल्हे किती? तिने लिहिलं, ३५. गुण गेला. आईने विचारलं तर म्हणाली, शाळेच्या पुस्तकात वाचलं. त्या पुस्तकात अर्नाळा ठाणे जिल्ह्यात होतं.

आई म्हणाल्या, “बाई, रागावू नका, पण चुकीचं शिकवणारी पुस्तकं पोरांच्या हातात का देता? नवीन घ्यायला पैसे नसतील तर आम्ही वर्गणी काढू.”

त्यांचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं. पालघर जिल्ह्यात राहणाऱ्या मुलीच्या उत्तरात पालघर जिल्हाच नव्हता! रद्दीत टाकणं ही जशी चूक, तसं काही न सांगता हातात देणं हीसुद्धा चूक. मी त्यांना म्हटलं, “ताई, पुस्तक खोटं नाही. ते त्याच्या वेळचं सांगतंय. ती वेळ कशी ओळखायची, हे मी शिकवलं नाही. तो माझा दोष.”

मित्रहो, या लेखात सांगायचं आहे ते एवढंच आहे. जुनं पुस्तक मुलाच्या हातात देताना त्याचा काळही सोबत द्यायला हवा. तो कसा द्यायचा, ते आता क्रमाने पाहू.

निवड कशी करावी?

ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली. त्यांतली दोन वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देण्याविषयी आहेत. कोणत्या मुलाची गाठ कोणत्या पुस्तकाशी पडेल हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून पेटी मिसळीची हवी. मी आता ढोबळमानाने असे गट पाडते.

१. गोष्टी आणि बालकादंबऱ्या : ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. जुन्या पुस्तकांत ही हमखास सापडतात.

२. अनुवाद : भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, शांता शेळके यांचं ‘चौघीजणी’. मॉस्कोहून मराठीत छापून येणारी रंगीत रशियन पुस्तकंही कधीकधी मिळतात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ती येणं बंद झालं. आता ती फक्त जुन्या बाजारातच दिसतात.

३. चरित्रं : आपल्या वसईकर लेखिका वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आलं. गुलामगिरीत जन्मलेला, पुढे भुईमुगावर संशोधन करणारा हा शास्त्रज्ञ मुलांना आवडतो. पाचवीला पूर्ण पुस्तक जड जातं. मी एकेक प्रकरण वाचून दाखवते.

४. माहितीची पुस्तकं : प्राणी, पक्षी, आकाश, समुद्र, यंत्रं, देश. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतली पातळ पुस्तकं यासाठी फार चांगली.

५. मासिकं : बालभारतीचं ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघतं. एका अंकात गोष्ट, कविता, माहिती, कोडी सगळं असतं. ज्याला पूर्ण पुस्तकाची धास्ती वाटते त्याला आधी जुना अंक द्या.

६. वापरायची पुस्तकं : नकाशे, शब्दकोश, पाककृती, विणकाम, सुतारकाम. ही पहिल्या पानापासून वाचावी लागत नाहीत, म्हणून वाचायला घाबरणारी मुलं ती आधी उचलतात.

पुस्तकं आणायची कुठून? सगळ्यात जवळ म्हणजे आगाशी-विरारचा रद्दीवाला. त्याला आधी सांगून ठेवलं तर तो मुलांची पुस्तकं बाजूला काढून ठेवतो आणि किलोच्या भावाने देतो. मुंबईला जाणं झालं तर चर्चगेटला उतरून हुतात्मा चौकाचा फुटपाथ आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचा फुटपाथ. पुण्यात अप्पा बळवंत चौक. पण फुटपाथवर एक काळजी घ्या. तिथे जुन्या पुस्तकांच्या शेजारीच नव्या पुस्तकांच्या चोरट्या छपाईच्या प्रतीही असतात. पुसट अक्षरं, वाकडी पानं आणि नव्या पुस्तकाची अगदी पडलेली किंमत दिसली की समजावं. आपली वापरलेली प्रत दुसऱ्याला विकण्यात काही गैर नाही. चोरून छापणं हा मात्र लेखकावर आणि प्रकाशकावर अन्याय आहे आणि तो कायद्याने गुन्हा आहे. मुलांना हा फरक जरूर सांगा.

तासिका : पुस्तकाचं वय ओळखा

इयत्ता : चौथी ते सातवी
वेळ : ४० मिनिटांच्या २ तासिका
साहित्य : चार-पाच मुलांच्या गटाला तीन जुनी पुस्तके (एक गोष्टीचं, एक माहितीचं, एक मासिक), पेन्सिल, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या

सुरुवातीला मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : “हे पुस्तक तुमच्यापेक्षा मोठं की लहान?” मुलांनी आधी कागदाच्या रंगावरून अंदाज केले. पिवळं म्हणजे म्हातारं! मग मी म्हटलं, आता पुरावा द्या. पुरावे शोधायच्या जागा अशा.

पहिली जागा : नावाच्या पानामागचं पान. इथे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती आणि वर्ष असतं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक समजावून सांगा. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ पहिल्यांदा १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. तुमच्या हातातली प्रत मात्र २०१० चीही असू शकते. म्हणजे पुस्तकाला दोन वयं असतात. एक लिहिल्याचं, एक छापल्याचं. माहितीच्या पुस्तकात लिहिल्याचं वय महत्त्वाचं, कारण नवं छापलं म्हणून आतली माहिती नवी होत नाही.

दुसरी जागा : शके. काही जुन्या पुस्तकांवर इसवी सनाऐवजी शके असतं. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. शके १८८२ म्हणजे १९६०. मुलांना लगेच दोन-तीन गणितं घाला.

तिसरी जागा : किंमत. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. त्याआधी १६ आण्यांचा रुपया होता. किंमत ‘बारा आणे’ असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आसपासचं किंवा त्याआधीचं. बारा आणे म्हणजे आजचे ७५ पैसे, हे मुलांनी स्वतः काढावं. ‘नवे पैसे’ असं छापलं असेल तर ते १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं समजायला हरकत नाही.

चौथी जागा : शुद्धलेखन. जुन्या पुस्तकात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘मुलें’ असे शब्द दिसतात. एका मुलाने विचारलं, “बाई, छापणाऱ्याने इतकी टिंबं का दिली?” ही छपाईची चूक नव्हे. पूर्वी अनेक शब्दांवर उच्चारात ऐकू न येणारे अनुस्वार लिहायची पद्धत होती. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नवे नियम आले आणि असे अनुस्वार गेले. पण हा खात्रीचा पुरावा नाही. काही लेखक-प्रकाशक नंतरही जुन्या पद्धतीने लिहीत राहिले. इथे मुलांना ‘खूण’ आणि ‘पुरावा’ यांतला फरक छान कळतो. आणि हो, परीक्षेत मात्र ‘नाही’ असंच लिहायचं, हे बजावून सांगा.

पाचवी जागा : आयएसबीएन. मागच्या कव्हरवर हा क्रमांक असेल तर अंक मोजा. २००७ पासून तो १३ अंकी झाला. त्याआधी १० अंकी होता.

सहावी जागा : आतला मजकूर. मुलांना सगळ्यात जास्त मजा इथे आली. खालच्या खुणा फळ्यावर लिहून द्या.

• नऊ ग्रह सांगितलेत? मग पुस्तक ऑगस्ट २००६ च्या आधीचं. त्या महिन्यात प्लूटोला बटुग्रह ठरवण्यात आलं.
• नकाशात सोव्हिएत संघ आहे? १९९१ च्या आधीचं.
• ‘कुलाबा जिल्हा’ लिहिलाय? १९८१ च्या आधीचं. त्या वर्षी त्याचं नाव रायगड झालं.
• तेलंगणा राज्य नाही? जून २०१४ च्या आधीचं.

आणि आमच्या वादाचं मूळ, महाराष्ट्राचे जिल्हे. ही शिडी मी मुलांकडून वहीत करून घेतली.

१ मे १९६० : २६ जिल्हे
१९८१ : सिंधुदुर्ग, जालना (२८)
१९८२ : लातूर, गडचिरोली (३०)
१९९० : मुंबई उपनगर (३१)
१९९८ : नंदुरबार, वाशीम (३३)
१९९९ : हिंगोली, गोंदिया (३५)
१ ऑगस्ट २०१४ : पालघर (३६)

ही शिडी लिहून झाल्यावर मी त्या मुलीला विचारलं, “तुझ्या पुस्तकात ३५ जिल्हे होते. मग ते कधीचं?” तिने शिडीवर बोट फिरवलं. “१९९९ नंतरचं आणि २०१४ च्या आधीचं.” मग स्वतःच म्हणाली, “म्हणजे ते बरोबर होतं. मीच आत्ताचं समजले.” ज्या उत्तराने तिचा गुण गेला, त्याच उत्तरावरून तिने पुस्तकाचं वय काढलं. पुढे हेही सांगितलं की संख्या ३६ च राहिली तरी नावं बदलली आहेत. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. म्हणजे २०२० मध्ये छापलेलं पुस्तकही आता जुनं झालंय. नवं पुस्तक कायम नवं राहत नाही, हे मुलांना इथे आपोआप समजतं.

चिठ्ठी चिकटवण्याचा उपक्रम

दुसऱ्या तासिकेत आम्ही कागदाच्या पट्ट्या वापरल्या. नियम दोन. एक, पुस्तकातलं काहीही खोडायचं नाही. दोन, नवी माहिती पट्टीवर पेन्सिलीने लिहून त्या पानात ठेवायची आणि ती कुठून कळली तेही लिहायचं.

एका गटाकडे सामान्यज्ञानाचं पुस्तक होतं. त्यात महाराष्ट्राची मानचिन्हं होती. प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, झाड आंबा, फूल ताम्हण. इतक्यात आपला पायरीवरचा मुलगा ओरडला, “बाई, ह्यात पापलेट नाय!”

त्याचं बरोबर होतं. २०२३ मध्ये चंदेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. ही बातमी कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत होती, पण वर्गातल्या बाकीच्यांना नव्हती. २०१५ मध्ये ब्ल्यू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू झालं, तेही त्या पुस्तकात नव्हतं. त्याने पट्टी लिहिली. ‘मासा’ मधल्या काना-मात्रा दोनदा तपासल्या, कारण ही पट्टी पुस्तकात राहणार होती आणि पुढच्या वर्षीची मुलं ती वाचणार होती. कुठून कळलं या जागी त्याने लिहिलं, ‘बाबांनी सांगितलं’. मी म्हटलं, चालेल, पण अजून एक पुरावा आण. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला. घरात कोणीतरी जपून ठेवलं होतं.

अजून एक कोडं घालून ठेवते, तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या. आमच्या जलदुर्गाच्या नावाची ‘अर्नाळा’ ही युद्धनौका १९७२ ते १९९९ भारतीय नौदलात होती. त्याच नावाची नवी नौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. आता समजा, एक पुस्तक म्हणतं की ‘अर्नाळा’ सेवेत आहे. दुसरं म्हणतं, होती, आता निवृत्त झाली. तिसरं परत म्हणतं, सेवेत आहे. कोण खोटं? कोणीच नाही! तिन्ही पुस्तकं कधीची असतील, ते मुलांनी सांगायचं.

गोष्टींची पुस्तकं जुनी होतात का?

माहिती जशी जुनी होते तशी गोष्ट होत नाही, पण तिच्यातलं जग जुनं होतं. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून सुसाट जातो, निरोप द्यायला धावतो. मी मुलांना विचारते, “त्याच्याकडे मोबाइल असता तर गोष्ट किती पानांत संपली असती?” यावर वर्गात जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते.

काही जुन्या गोष्टींत मुलींविषयी, जातींविषयी, काळ्या रंगाविषयी, अपंगांविषयी असे शब्द येतात जे आज आपण वापरत नाही. अशी पुस्तकं मी सरसकट काढून टाकत नाही. आधी स्वतः वाचते. शब्द एखाद-दुसरा असेल तर वाचताना थांबून बोलते, “तेव्हा असं म्हणत. ज्याला म्हणत त्याला कसं वाटत असेल?” पण अख्खी गोष्टच कोणाची टिंगल करण्यावर उभी असेल तर ती पेटीत जात नाही.

शिक्षकांसाठीही जुन्या बाजारात खजिना असतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या तरुण मास्तराची ती गोष्ट आजही आपल्याला आपलीच वाटते. रद्दीत दिसली तर सोडू नका.

ही पुस्तकं मात्र देऊ नका

काळ समजावून सांगितला तरी काही जुनी पुस्तकं मुलांच्या हातात नकोतच.

• औषधं, घरगुती उपचार आणि प्रथमोपचारांची जुनी पुस्तकं. भाजल्यावर काय लावावं, साप चावल्यावर काय करावं, याबाबतचे कितीतरी जुने सल्ले आज घातक मानले जातात.
• रसायनांचे किंवा विजेचे प्रयोग सांगणारी जुनी पुस्तकं. शिक्षकाने स्वतः वाचून ठरवावं.
• जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं आणि स्पर्धा परीक्षांचे प्रश्नसंच. परीक्षेच्या तयारीला नेहमी चालू वर्षाचंच पुस्तक. त्या आईंना मी हा शब्द दिला आणि तो पाळते.
• बुरशी आलेली पुस्तकं. दम्याच्या मुलांना त्रास होतो.

खाऱ्या हवेतली काळजी

आमच्याकडे समुद्राची हवा आणि वर चार महिने पाऊस. पुस्तकं सादळतात, कसर लागते, कधी वाळवीही. अनुभवाने ठरलेल्या चार गोष्टी सांगते.

पोतं आलं की थेट पेटीत रिकामं करू नका. आधी कोरड्या फडक्याने, तोंडाला रुमाल बांधून, उघड्या हवेत झटका. मग दोन आठवडे वेगळी ठेवा, कीड असेल तर दिसते. कडक उन्हात टाकू नका, कागद ठिसूळ होतो. सावलीत वाऱ्याला पानं उघडून ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडून कागदही खराब करते. पातळ कागदाची पट्टी आणि पिठाची खळ उत्तम, पण खळ पातळ लावा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर तीच किडीला खाऊ होते. पेटी भिंतीला चिकटवून आणि जमिनीवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या वर्गात नकोत. पोरं त्या तोंडात घालतात.

पालकांसाठी

१. घरातली पुस्तकं रद्दीत देण्याआधी मुलांना एकदा ढीग चाळू द्या. तुमच्या लेखी निरुपयोगी असलेलं एखादं पुस्तक त्यांना हवं असेल.

२. शाळेला पुस्तकं देताना निवडून द्या. फाटकं चालेल, बुरशीचं नको. आत चिठ्ठ्या, फोटो, कागदपत्रं राहिली नाहीत ना, ते पाहा. आमच्या पोत्यात एका पुस्तकात जुना कौटुंबिक फोटो निघाला. तो परत पोचवला तेव्हा त्या घरच्या आजींचा आनंद पाहण्यासारखा होता.

३. पहिल्या पानावरचं नाव किंवा ‘वाढदिवसानिमित्त’ असा मजकूर खोडू नका. हे पुस्तक आधी कोणाच्या तरी हातात होतं, हे मुलांना फार आवडतं. आमची मुलं त्याखाली स्वतःचं नाव आणि वर्ष लिहितात.

४. मूल माहितीचं पुस्तक घेऊन आलं तर ‘गोष्ट वाच ना’ म्हणू नका, आणि गोष्ट वाचत असेल तर ‘काहीतरी उपयोगाचं वाच’ असंही म्हणू नका.

५. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. बोटी किनाऱ्याला असतात, बाबा घरी जाळी विणत बसलेले असतात. त्या काळात आम्ही दर आठवड्याला एक पुस्तक घरी पाठवतो. ‘बाबांना एक पान वाचून दाखवा आणि त्यात काय चुकलंय ते विचारा’ एवढाच गृहपाठ. माशांच्या पुस्तिकेत यामुळे अकरा पट्ट्या जमल्या आहेत. कोणत्या माशाला आपल्याकडे काय म्हणतात, कोणता आता जाळ्यात कमी येतो. हे मला माहीत नव्हतं आणि पुस्तक लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं.

विद्यार्थ्यांसाठी कृतिपत्रिका

१. तुमच्या घरातलं सगळ्यात जुनं पुस्तक शोधा. त्याचं लिहिल्याचं वर्ष आणि छापल्याचं वर्ष लिहा.
२. त्याची किंमत आजच्या पैशांत लिहा. (सूचना : किंमत आण्यांत असेल तर १६ आणे म्हणजे १ रुपया.)
३. आज बदललेली एक गोष्ट त्यात शोधा आणि त्याची पट्टी तयार करा.
४. आजही तशीच असलेली एक गोष्ट शोधा.
५. हे पुस्तक कोणाला द्याल? का? तीन वाक्ये लिहा.

चौथा प्रश्न वगळू नका. नाहीतर जुन्या पुस्तकात फक्त चुकाच असतात असा मुलांचा समज होईल.

शेवटी एवढंच

१५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन करतो. त्या दिवशी टेबलावर नवी कोरी पुस्तकं मांडायची रीत आहे. यंदा त्यांच्या शेजारी एक जुना ढीगही मांडून पाहा. भिलारसारखं पुस्तकांचं गाव आपल्याला वसवता आलं नाही तरी पुस्तकांची एक पेटी नक्की जमते. खर्च रद्दीच्या भावाचा, पण वेळ मात्र द्यावा लागतो.

तो मुलगा आता सहावीत आहे. वाचताना अजून अडखळतो. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत येऊन विचारत होता, “बाई, रद्दी कधी येणार?” नोंदवहीतली ‘वाचनात मागे’ ही ओळ मी खोडली नाही. पुस्तकासारखीच तिलाही एक पट्टी लावली, तारीख घालून : ‘गोष्टींत मागे होता. माशांत माझ्या पुढे आहे.’

आपल्या वर्गात असा एखादा गठ्ठा बांधून ठेवला असेल, तर रद्दीवाला यायच्या आधी एकदा तो सोडून पाहा.